.४४ मॅग्नमला ३०० ग्रेनची ओतीव गोळी: गरज की हौस?

रामबागकर
अमेरिकेत मोंटानात राहणाऱ्या भाच्याने रुगर रेडहॉक रिव्हॉल्व्हर घेतलंय. .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी. शिकार एल्कची (सांबराचा थोरला भाऊबंद समजा) आणि काळ्या अस्वलाची, अंतर ५० ते ६० यार्डांच्या आत. तिथले लोक त्याला ३०० ते ३२० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) कडक ओतीव, म्हणजे शिसं साच्यात ओतून केलेली गोळीच घे म्हणतात. माझं म्हणणं, एल्मर कीथच्या (जुना अमेरिकन शिकारी-लेखक) धाटणीची २५० ग्रेनची गोळी भरपूर झाली.

हिशेब सरळ आहे. २५० ग्रेन सेकंदाला १२०० फुटांनी आणि ३०० ग्रेन १००० फुटांनी, दोन्हींचा संवेग तेवढाच, म्हणजे हाताला धक्काही जवळपास सारखाच. ऊर्जा मात्र पहिलीची ८०० फूट-पाउंड, दुसरीची ६६६. ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांवर हलकी साधारण साडेसहा इंच पडते, जड नऊ इंच. मग जड गोळीने मिळवलं काय?

(आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद, आणि लायसनशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हा. सगळ्यांना ठाऊक आहे, धागा तिकडे नेऊ नका.)

महूवाला
भिया, हिशेब बरोबर पण जोडी सोयीची निवडलीत. साडेसात इंची नळीतून ३०० ग्रेन १००० फुटांनी कोण मारतं? ती ११५० ते १२०० ला आरामात जाते. आणि फूट-पाउंडाचा तक्ता फुलणाऱ्या गोळीसाठी ठीक. कडक ओतीव गोळी फुलत नाही, ती आरपार भोक पाडते. तेव्हा बघायच्या गोष्टी दोनच: सपाट नाक किती रुंद, आणि छेदघनता (व्यासाच्या मानाने वजन) किती. .४४ मध्ये २५० ग्रेनची छेदघनता ०.१९४, ३०० ची ०.२३३. एल्क तिरका उभा असेल तर गोळीला खांद्याचं हाड फोडून पलीकडच्या फुप्फुसापर्यंत पोचायचं असतं. हा फरक तिथे दिसतो.

रामबागकर
मग माझी २५० पण १३५० ला न्या की! तेवढीच दाब-मर्यादा तिलाही आहे. १०१२ फूट-पाउंड होतात, तुमच्या ३०० ला १२०० वर ९५९. आणि नुसत्या वजनाने काम होत असतं तर जुनी .४५५ वेब्लीसुद्धा शिकारीचं रिव्हॉल्व्हर म्हणून गाजली असती. २६५ ग्रेन, पण ६०० फुटांनी.

महूवाला
वेब्लीची गोळी गोल नाकाची आणि मऊ शिशाची. दाखलाच गैरलागू.

तुकोगंज_४५
दोघंही वजनावर भांडताय आणि व्यासाचं कुणीच बोलत नाही. ओतीव गोळीचं ऐंशी टक्के यश मापात असतं.

भाच्याला आधी हे करायला सांगा. नळीला थोडं तेल लावून मऊ शुद्ध शिशाची गोळी लाकडी दांड्याने ठोकत आरपार काढायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. .४४ मध्ये आकडा ०.४२९ ते ०.४३० येईल. ठोकताना हाताचा अंदाज घ्या: नळी जिथे फ्रेममध्ये पेचाने बसते तिथे गोळी अचानक जड जायला लागली तर तिथे नळी आवळलेली आहे. रुगरमध्ये हे होतं. तसं असेल तर पुढे काहीही ओता, त्या जागेच्या पुढे नळीत शिसं चढणारच (चिकटून बसणारच), कारण गोळी तिथे दबून बारीक होते आणि नंतर गॅस तिच्या बाजूने निसटतो.

मग सिलिंडरचे सहाही थ्रोट (चेंबरचं पुढचं तोंड, जिथून गोळी नळीकडे निघते) पिन गेजने, म्हणजे ठरावीक मापाच्या पिनांनी, वेगवेगळे मोजा. नियम एकच: थ्रोट नळीच्या खाचेपेक्षा किंचित मोठा, आणि गोळी थ्रोटमधून बोटाच्या दाबाने सरकेल इतकी. नळी ०.४३०, थ्रोट ०.४३१५ असेल तर गोळी ०.४३१ ला साइझ करा (ठशातून दाबून त्या व्यासाची करा). थ्रोट नळीहून लहान निघाले तर (रुगरच्या .४५ कोल्ट ब्लॅकहॉकची ही जुनी खोड) ते रीम करून (आतून कापून मोठे) घ्यायचे. कडक गोळी हा त्यावरचा इलाज नाही. कडक गोळी कमी व्यासाची असेल तर ती फुगून नळी बंद करत नाही, म्हणून ती मऊ गोळीपेक्षाही जास्त शिसं सोडते.

पलासिया_नाका
कडकपणा असा निकालात काढू नका. ब्रिनेल (धातूचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाला १४२२ ने गुणलं की शिशाची ताकद पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पाउंड) मिळते. .४४ मॅग्नमची दाबाची मर्यादा ३६,०००. म्हणजे २५ च्या आसपास कडकपणा हवा. म्हणूनच लोक लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा मिश्रधातू) वापरतात, २२ ब्रिनेल.

तुकोगंज_४५
त्या सूत्राने कीथची सगळी कामगिरीच अशक्य ठरेल. तो सोळा भाग शिसं, एक भाग कथील असं ओतायचा. ते भरतं जेमतेम ११ ब्रिनेल.

लायनोटाइपमध्ये १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. जड हाडावर ती गोळी वाकत नाही, तुटते. नाकच उडालं तर महूवाल्यांची छेदघनता जागेवर अर्धी. चाकाच्या तोलाचं जुनं शिसं घ्या, १२ च्या आसपास असतं, त्यात दोन टक्के कथील घाला म्हणजे साचा नीट भरेल. साच्यातून गोळी थेट पाण्यात टाकली की काही दिवसांत ती १८ ते २० पर्यंत चढते. खाली तांब्याचा गॅस चेक (गोळीच्या बुडाला गॅसपासून वाचवणारी वाटी) बसवा. एल्कला एवढं पुष्कळ.

ओतताना भांडं ३७० सेल्सिअसच्या आसपास ठेवा. गोळीवर सुरकुत्या म्हणजे साचा थंड, अंगावर दहिवरासारखी पांढुरकी झाक म्हणजे फार तापला. झाक चालते, सुरकुत्या नाही. आणि प्रत्येक गोळी तोला. ३०० च्या घाणीत २९६ ची निघाली तर आत पोकळी आहे, परत भांड्यात टाका.

लोकमान्यनगर
मुळात ओतीवच का? हरणाएवढ्या जनावराला २४० ग्रेनची जॅकेटवाली (तांब्याच्या कवचाची) पोकळ नाकाची गोळी जास्त लवकर पाडते. कडक ओतीव गोळी बारीक भोक पाडून पार जाते आणि मागे काय उभं आहे ते बघत नाही. शिवाय कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. भाचा उद्या तिकडे गेला तर साचे माळ्यावर.

महूवाला
हरणाला मान्य. एल्कला नाही. पोकळ नाक खांद्याच्या हाडावर लवकर उघडलं तर आत पोचण्याआधीच थांबतं.

आता जड गोळीच्या खऱ्या अडचणी मीच सांगतो, म्हणजे रामबागकरांना मुद्दे शोधत बसायला नको. ३०० ग्रेनची गोळी लांब असते, ती पुंगळीत खोल जाते आणि दारूची जागा खाते. २५० ग्रेनचा तक्ता बघून ३०० भरणं म्हणजे दाब हाताबाहेर घालवणं. त्या वजनाचा, त्याच नाकाच्या आकाराचा छापील तक्ता हवा, आणि सुरुवात त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून. दुसरं, धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे येतं आणि चेंबरमधली जड गोळी पुंगळीतून पुढे सरकते. नाक सिलिंडरच्या बाहेर डोकावलं की सिलिंडर अडकला, तोही अस्वलासमोर. क्रिम्पच्या खाचेत रोल क्रिम्प (पुंगळीचं तोंड आत वळवून गोळी धरणं) घट्ट हवा. तपासायला सहा काडतुसं भरा, पाच झाडा, सहाव्याची लांबी आधी आणि नंतर कॅलिपरने मोजा. वाढली असेल तर आधी पुंगळीची पकड बघा. एक्सपांडर (पुंगळीचं तोंड रुंदावणारा दांडा) जाड असेल तर नुसता क्रिम्प पुरत नाही.

रामबागकर
हे सगळं जड गोळीच्या वकिलाने सांगितलं, नोंद घ्या! त्यात भर घालतो. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि सावकाश गोळी वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ राहते आणि तोवर नळीचं तोंड उचललेलं असतं. २५ यार्डांवर ४ इंच वर गेली आणि मागची साइट आधीच तळाला असेल तर करणार काय?

तुकोगंज_४५
रेडहॉकची पुढची साइट बदलता येते, स्प्रिंगवर बसलेली असते. दोन्ही साइटमधलं अंतर साडेनऊ इंच धरलं तर ४ इंच खाली आणायला ०.०४२ इंच उंच पातं लागेल. पण ते सगळ्यात शेवटी, गोळी आणि भरणा पक्का झाल्यावर.

पलासिया_नाका
सूत्राबद्दल माझं मत कायम आहे. गॅस चेक नसेल तर १२ ब्रिनेलवर १३०० फूट काढून दाखवा.

तुकोगंज_४५
गॅस चेक लावा असंच म्हटलंय की. साध्या बुडाची असेल तर वेग ११०० च्या आत ठेवा, आणि पन्नास काडतुसांनंतर फोर्सिंग कोनमध्ये (नळीचं मागचं निमुळतं तोंड) उजेड टाकून बघा. शिसं तिथेच चढलेलं असेल तर थ्रोट किंवा व्यास चुकला. नळीच्या तोंडाशी चढलं असेल तर वंगण तिथवर पुरलं नाही. ५०-५० मेण आणि अलॉक्स (गोळीचं वंगण) वापरा नाहीतर पावडर कोटिंग करा.

रामबागकर
भाच्याला थ्रोट मोजायला सांगितलंय. आकडे आले की इथेच टाकतो. तोवर मी २५० वरच.