जीसीएसई जपानी घरी शिकून जमेल का?
शाळेत जपानी नाही, मुलीने घरी शिकून जीसीएसईला (ब्रिटनमधल्या साधारण सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला) बसावं का, असं विचारलंय. बसू दे, पण पुस्तकांआधी परीक्षा केंद्र शोधा. एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या जपानीत श्रवण, संभाषण, वाचन, लेखन प्रत्येकी २५ टक्के. संभाषण घ्यायला जपानी जाणणारा शिक्षक लागतो. शाळेबाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याचं गाडं तिथेच अडतं.

व्याकरणाची धास्ती नको. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर, मराठी मुलीला हे ओळखीचंच. हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्यांची मिळून ९२ मूळ अक्षरं रोज पाच लिहिली तर तीन आठवड्यांत होतात. रोमन लिपीवर मात्र रेंगाळू देऊ नका, त्यात स्वरांची लांबी अनेकदा हरवते. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाऽसान' म्हणजे आजी! हा फरक कानाला कळायला आठवड्यातून दोनदा तरी कुणाशी बोलायलाच हवं.