मालकांचा फोन लागत नाही, घर सोडायची नोटीस कशी द्यायची?

घणसोलीकर:
नमस्कार. घणसोलीत वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. भाडं २४ हजार, डिपॉझिट एक लाख. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे आता तीन जिने चढू देत नाहीत. म्हणून ऐरोलीत तळमजल्यावरचं घर पाहिलंय, पुढच्या महिन्याअखेर जायचंय. लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेला आहे. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही ती मुदत, संपलंय; एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची असं लिहिलंय.

मालक मस्कतला असतात. माणूस चांगला आहे, कधी त्रास दिला नाही. पण फोन लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. एजंट म्हणतो, माझं काम करारापुरतं होतं. करारात त्यांचा डोंबिवलीचा पत्ता आहे, तिथे हल्ली कोण राहतं ठाऊक नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज नोटीस म्हणून चालेल का? शेजारी सांगतात, भाडं थांबव, डिपॉझिटमधून वळतं होईल. मला ते पटत नाही, पण लाख रुपये अडकले तर ऐरोलीचं डिपॉझिट कुठून भरू?

पाचपाखाडी:
एकच टिक म्हणजे मेसेज पोहोचलेलाच नाही, त्यावर विसंबू नका. करारात ईमेल असेल तर त्यावर नोटीस पाठवा. आणि या महिन्याचं भाडं ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये घर सोडायची तारीख टाका. परदेशातला माणूस फोन बदलतो, बँकेचं खातं मात्र बघतो.

माजी सेक्रेटरी, कोपरखैरणे:
भाडं थांबवू नका. मालकांच्या लेखी संमतीशिवाय थांबवलंत तर थकबाकीदार तुम्ही ठराल आणि डिपॉझिटच्या वादात तेच तुमच्या अंगाशी येईल.

नोटिशीचं कलम पुन्हा वाचा. महिना पत्र पाठवल्यापासून धरायचा की मिळाल्यापासून? स्पष्ट नसेल तर मिळाल्यापासून धरा आणि वर आठ-दहा दिवस ठेवा. नोटीस कागदावर, सही-तारखेसह, करारातल्या पत्त्यावरच पाठवा, तिथे कोणी राहो न राहो. इंडेक्स टूवर, म्हणजे करार रजिस्टर झाल्यावर मिळणाऱ्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दुसरा पत्ता असेल तर एक प्रत तिथेही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट मागा आणि पोहोच हवी म्हणून सांगा. पाकीट ‘दार बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं तर अजिबात फोडू नका. बरोबर पत्त्यावर नोंदणी करून पाठवलेलं पत्र पोहोचलं, असं कोर्ट सहसा धरून चालतं. ते बंद पाकीट आणि पावती जपून ठेवा.

सोसायटीच्या ऑफिसात एक प्रत देऊन दुसरीवर पोहोचीचा शिक्का घ्या. नंबर ते देणार नाहीत, पण निरोप पोहोचवू शकतात. माझ्या काळात मी असे निरोप पोहोचवले आहेत, मालक त्यानंतर लगेच बोलतात.

घणसोलीकर:
खूप आभार. डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी देऊ नये, असंही ऐकलंय. ते बरोबर आहे का?

माजी सेक्रेटरी, कोपरखैरणे:
कराराची मुदत संपल्यावर ताबा धरून बसलात तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं. तुमच्या आईला घेऊन त्या भानगडीत पडू नका. नोटिशीतच विचारा, चावी कोणाच्या हाती द्यायची, आणि डिपॉझिटसाठी तुमचा खाते क्रमांक लिहा. वॉचमनकडे चावी टाकून जाऊ नका. महावितरणच्या मीटरचा फोटो, प्रत्येक खोलीचे फोटो, आणि ताबा घेणाऱ्याची सही असलेला एक कागद हवा.

घणसोलीकर:
सोसायटीत आत्ताच जाऊन आलो. मालकांचे भाऊ कल्याणला असतात, सेक्रेटरी त्यांना आज निरोप देतायत. मसुद्यात ‘महिनाअखेर घर सोडेन’ असं लिहिलंय, पुरेसं आहे ना?

माजी सेक्रेटरी, कोपरखैरणे:
नाही, नेमकी तारीख टाका. भावालाही एक प्रत द्या, पण डोंबिवलीचं पत्र उद्या गेलंच पाहिजे.