तातडीने मदत हवी: ८ वर्षांच्या लॅब्राडॉर कुत्रीला पायोमेट्रा (गर्भपिशवीत पू), ऑपरेशन करू की औषधांवर थांबू?

नमस्कार, आम्ही वाईला राहतो. आमची लॅब शेरी, ८ वर्षं पूर्ण. पिल्लं कधी झाली नाहीत आणि नसबंदीचं ऑपरेशनही केलं नाही, एकदा तरी पिल्लं होऊ देत म्हणता म्हणता राहूनच गेलं.

सव्वा महिन्यापूर्वी तिची हीट (माज) संपली. मागच्या आठवड्यापासून पाणी इतकं प्यायला लागली की सकाळी भरलेली बादली दुपारी रिकामी, आणि जिने जन्मात कधी घरात सू केली नाही ती रात्री पॅसेजमध्ये करायला लागली. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे म्हणून असेल. मग खाणं सोडलं, तूप लावलेली पोळीसुद्धा हुंगून तोंड फिरवते, मागची बाजू सारखी चाटते आणि गादीवर चॉकलेटी चिकट डाग, घाण वास. आधी ३ दिवस अँटिबायोटिक झालं, तेव्हा जरा तरतरी आली, पण पुन्हा तेच. काल सोनोग्राफी केली तर पिशवीत पू. रक्तात पांढऱ्या पेशी ४२ हजार.

डॉक्टर म्हणतात लगेच पिशवी काढा. सासरे म्हणतात या वयात भूल सोसायची नाही, औषधं चालू ठेवू. मला रात्रभर झोप नाही. कोणी एवढ्या वयाच्या कुत्रीचं केलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, थांबू नका. माझ्या ९ वर्षांच्या पॉमचं झालंय, आज ११ ची आहे. हीटनंतर दोन महिने, गाभण असो नसो, प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं आणि हीटमध्ये आत शिरलेले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, तिथे वाढत जातात. त्यांच्या विषाने किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ते पाणी पाणी. नुसत्या अँटिबायोटिकने हे हटत नाही. पिशवी रिकामी करायची इंजेक्शनं असतात पण ती मुख्यतः ज्यांना पुढे पिल्लं घ्यायचीत अशा तरुण कुत्र्यांसाठी, आणि त्यातही पुढच्या हीटनंतर परत होऊ शकतं. भुलीची भीती खरी आहे, पण आत पू साठत राहिला तर भूल रोज जास्त धोक्याची होत जाणार. आणि डाग पडायचे थांबले तर बरी झाली असं अजिबात समजू नका, पिशवीचं तोंड मिटलं की पू आतच साठतो, फुटलं तर वाचवणं अवघड. किडनीची टेस्ट करून घ्या, आधी सलाईन लावायला सांगा. एक विचारते, माज थांबवायचं इंजेक्शन कधी दिलं होतं का?

मूळ धागाकर्ती:
हो, २ वर्षांपूर्वी, नणंदेच्या लग्नात घर भरलेलं म्हणून. त्याचा याच्याशी संबंध असतो?

प्रतिसाद:
असू शकतो. ते इंजेक्शन म्हणजे त्याच जातीचं हार्मोन, त्याने पायोमेट्राचा धोका वाढतो. पण आता त्यात अडकू नका, गाडी काढा.

मूळ धागाकर्ती, ४ दिवसांनी:
त्याच संध्याकाळी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेलं, रात्रभर सलाईन, सकाळी ऑपरेशन. काढलेली पिशवी पावणेदोन किलो भरली, बघून सासरे खुर्चीत बसलेच. काल स्वतः त्यांनीच हाताने चिकन-भात भरवला, सगळा खाल्ला तिने!! पाणी आता नेहमीएवढंच पिते.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. घरात ७ महिन्यांची गावठी पण आहे, अजून माजावर आली नाही, तिची नसबंदी आत्ताच करून घेतेय, पहिल्या माजाआधी केलं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही कमी होतो म्हणतात, तर तिला आदल्या रात्री किती तास उपाशी ठेवलंत तुम्ही? आणि ही छोटी सारखी शेरीचे टाके चाटायला जाते, गळ्यातला कोन शेरीला आहे, छोटीला कसं आवरू? टाके निघायला अजून ८ दिवस आहेत आणि घर दोनच खोल्यांचं आहे.