मदत हवी आहे: पाळणाघरातला मुलगा दारातून हलत नाही (तातडीचं)

किनारा:
रत्नागिरीजवळ आमच्या गावात एक पाळणाघर आहे. बारावीची परीक्षा संपली म्हणून सकाळी तिथे मदतीला जाते, पगार वगैरे नाही. बाकीची मुलं माझ्याशी छान रुळलीत. एक मुलगा मात्र आई गेली की दाराला जो चिकटतो तो दुपारपर्यंत तिथेच. जेवत नाही, झोपत नाही, जवळ गेलं की चावतो. गाणी, गोष्टी, बाहुल्या, सगळं करून झालं. ताई म्हणतात रडू दे, दमला की गप्प होईल. मला बघवत नाही. उद्या परत जायचंय, लवकर सांगा. आणि "धीर धर" असं कृपया कोणी लिहू नका.

चिंगीची आई:
वय किती त्याचं? एकूण मुलं किती, मोठी माणसं किती? अंगणवाडी की खासगी? काहीच लिहिलं नाहीस.

किनारा:
असेल अडीच वर्षांचा. मुलं दहाबारा, ताई आणि मी. अंगणवाडी कशी असेल? तिथे तिनाच्या पुढची मुलं बसतात, त्याआतल्यांना आहार घरी देतात. पण याने काय फरक पडतो?

फणसगरा:
मोबाईलवर बडबडगीतं लाव. आमचा नातू दोन मिनिटांत गप्प व्हायचा.

चिंगीची आई:
आणि मोबाईल काढून घेतला की?

फणसगरा:
नातू पहिलीत आहे आता, काही बिघडलेलं नाही त्याचं. मोबाईल नको तर हातावर चार काजूगर ठेव, चघळत बसेल.

निवृत्त सिस्टर:
अख्खे काजू, शेंगदाणे, फुटाणे या वयाला अजिबात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. द्यायचे तर कूट करून. आणि रडणाऱ्या मुलाच्या तोंडात तर काहीच कोंबू नका, हुंदक्याबरोबर घास आत ओढला जातो.

कायद्याचं बोला:
१९४८च्या कारखाने कायद्यानुसार तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली मालकाने द्यायची असायची. काजू कारखान्यांना हे लागू होतं, आता काय आहे ते बघा. तिथून सुरुवात करा.

किनारा:
इथे कारखाना नाहीये हो. आणि मी पाळणाघर काढत नाहीये.

बोर्डीचा:
ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्या बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. चार भिंतींत कोंडून कसं चालेल? झाडाखाली न्या सगळ्यांना. माती, शिंपले, करवंट्या द्या, गाणी आपोआप सुचतील.

निवृत्त सिस्टर:
दोन माणसं आणि दहाबारा मुलं बाहेर? त्यात एक दाराकडे धावणारा. अंगणाला गडगा आहे का ते आधी विचारा.

फणसगरा:
आईला सांग, पोराचं लक्ष नसताना हळूच सटकायचं. निरोप घेत बसलं की जास्त रडतात.

चिंगीची आई:
नेमकं उलट! लपून गेली की पोराला वाटतं आई कधीही नाहीशी होऊ शकते, मग ते दार सोडतच नाही. तोंडावर सांगून जायचं, थोडक्यात, आणि रोज तेच सांगायचं: भात झाला, झोप झाली की आई येते. मुलाला घड्याळ कळत नाही, भात कळतो. आणि सांगितलेल्या वेळेला यायचंच.

नानू मालवणी:
अगो, तेका दारातसून ओढू नको. तूच जाऊन दारात बस. बोलू नको, कायतरी निवडीत बस. येतलो आपसूक.

वाशीकर:
रत्नागिरीच्या आहात तर हापूसची पेटी सध्या काय भावाने? वाशीत लुटतात.

माजी मास्तर:
वाशीकर, वेगळा धागा काढा. किनारा, आई कुठे कामाला जाते? घरी काय बोलतात?

किनारा:
आंब्याच्या बागेत. आईवडील दोघंही नेपाळी आहेत. आमच्याकडे बागेत राखणीला नेपाळीच असतात, हे काय वेगळं सांगायचं?

चिंगीची आई:
अगं!! हे पहिल्या ओळीत नको का लिहायला? त्याला तुझी एक गोष्ट तरी कळली असेल का?

फणसगरा:
म्हणून म्हटलं, मोबाईलवर नेपाळी गाणी लाव.

माजी मास्तर:
गाणी राहू द्या. आमच्या शाळेत बागांवरची, होड्यांवरच्या खलाशांची बरीच मुलं असायची. आज संध्याकाळी आई न्यायला येईल तेव्हा तिला पाचसहा गोष्टी विचार. पाणी हवंय, शी आली, झोप आली, भूक लागली, हे तो कसं सांगतो? आई येईल, हे तिच्या शब्दांत कसं म्हणायचं? वहीत लिहून घे, लिपी आपलीच आहे. तिची ओढणी किंवा जुना टॉवेल दिवसभर त्याच्याजवळ राहू दे. ताईंनाही ते शब्द शिकव, तू नसशील त्या दिवशी काय?

बोर्डीचा:
झाडाखाली न्या म्हटलं ते तरी चुकीचं कुठे होतं? बागेत वाढलेलं पोर ते.

किनारा:
मास्तर, आत्ताच त्याच्या आईशी बोलले, तिला बऱ्यापैकी हिंदी येतं. दारातच बसून वही लिहिली. "आमा आउँछ" म्हटलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. उद्या नानूंचं पण करून बघते. पण चावण्याचं काय? काल दुसऱ्या मुलीच्या दंडावर वळ उठलेत, तिची आजी भांडायला आली होती.

निवृत्त सिस्टर:
आधी त्या मुलीकडे बघायचं, साबणपाण्याने धुवायचं, कातडी फाटली असेल तर डॉक्टर. त्याला ओरडायचं नाही, "चावायचं नाही" एवढंच, आणि तेही त्याच्या भाषेत. आजीपासून लपवू नका, आपणहून सांगा. आणि अडीचच्या आसपास मागच्या दाढा येतात. हिरड्या सुजल्यात का बघा, असतील तर गार ओला फडका चावायला द्या.

किनारा:
दाढा बघायला तोंडात बोट कोण घालणार? ताईंना सांगते.