मदत हवी आहे: मानवशास्त्राच्या शाखा आणि मामाच्या मुलीचं लग्न

नमस्कार मंडळी, मानवशास्त्र ऑप्शनल घेतलंय आणि शाखांपाशीच गाडी अडलीय. शारीरिक, सामाजिक-सांस्कृतिक, पुरातत्त्वीय, भाषिक असे चार भाग पाठ आहेत, मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसच्या अमेरिकन परंपरेतले, पण मग इरावतीबाई कर्वे यांना कुठे टाकायचं? बर्लिनला कवट्यांवर पीएचडी, नंतर पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणज या प्रागैतिहासिक स्थळाचं उत्खनन, आणि १९५३ चं पुस्तक भारतातल्या नातेव्यवस्थेवर, म्हणजे बाई तीन शाखांत आहेतच की! उत्तरात हे उदाहरण दिलं तर चालतं का?

दुसरा डाउट जास्त छळतोय. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा नाही, चुलत-मावस तर सख्ख्यासारख्याच. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसच्या हिशोबाने यात मुली एकाच दिशेने जातात, मामाच्या घरातून भाच्याच्या घरात, इथपर्यंत डोक्यात शिरलं. पण वंशगटाला (एकाच पूर्वजापासूनच्या कुळाला) महत्त्व देणारे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन वगैरे लोक याच प्रथेकडे कसं बघतील? त्यांचा मामा-भाच्याच्या लाडावरचा दक्षिण आफ्रिकेतला १९२४ चा निबंध इथे लावायचा का?

मराठी माध्यमातून पेपर दिलेलं कोणी असेल तर सांगा ना, हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो पण चालतील, फक्त ते रेडिमेड तक्ते नकोत प्लीज, सगळे एकमेकांची कॉपी आहेत.