यात्रेतला तंबू सिनेमा टीव्हीनेच बसवला का?

तापीकाठ
"टीव्ही आला आणि टुरिंग टॉकीज बसली" हे खान्देशात सगळेच म्हणतात. मला साफ अमान्य. रंगीत टीव्ही 1982चा, पण यात्रांमध्ये तंबू त्यानंतरही कित्येक वर्षं लागत होते. सारंगखेड्यासारख्या मार्गशीर्षातल्या यात्रेला सहाच्या आत सूर्य मावळतो, कापसाचा पैसा हातात असतो. धंद्याला याहून चांगला हंगाम नाही. खरा घाव प्रिंटचा, म्हणजे सिनेमाच्या फिल्मवरच्या प्रतीचा. थिएटरांत घासलेल्या प्रिंटवर तंबू चालायचा. थिएटरं डिजिटल झाली, 2013च्या सुमारास फुजी कंपनीनेही प्रिंटची फिल्म बनवणं थांबवलं, मग तंबूवाल्याने लावायचं काय?

कार्बनकांडी
भाऊ, तुम्ही शेवटचं कारण पहिलं धरता. गर्दी त्याआधीच ओसरली होती. तालुक्याला व्हिडिओ आल्यावर रेघा पडलेल्या जुन्या सिनेमाला तिकीट कोण काढणार? आणि खेळ दिसायचा तरी कसा? अडीच तासांचा सिनेमा म्हणजे 13,500 फूट पट्टी. 2,000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं. प्रोजेक्टरचं मशीन एकच असेल तर सहा वेळा पडदा पांढरा आणि तंबूत शिट्ट्या. त्यात मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या जळत जातात. ऑपरेटरने त्या वेळेवर पुढे सरकवल्या नाहीत तर दोघींमधली फट वाढते, उजेड मंदावतो, शेवटी ज्योत तुटते. घरी बटण दाबून चित्र दिसत असताना हे कोण सोसेल?

तापीकाठ
सोसत होते, कारण पडदा मोठा होता. शिट्ट्या वाजवणारा उठून जात नव्हता, हेही लिहा. दोन मशीनवाल्या तंबूत तर रीळ बदललेलं कळायचंही नाही.

लूपवाला
दोघांनीही पट्टीकडे पाहिलेलं नाही. जुनी अ‍ॅसिटेट प्लॅस्टिकची पट्टी तुटली की टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, सिमेंट म्हणजे फिल्म जोडायचा द्रव लावायचा, दाबून धरायचं, काम सुरू. पुढे प्रिंट पॉलिएस्टरवर आल्या. त्यांना हे सिमेंट धरतच नाही, खास टेप लागते. शिवाय ही पट्टी सहज तुटत नाही. अडकली की ताण थेट मशीनच्या दात्यांवर. ट्रकवर हादरे खाल्लेल्या मशीनला ते झेपणं कठीण.

कार्बनकांडी
टेप काय, जळगावातही मिळाली असती. गिऱ्हाईक असतं तर मालकाने आणली नसती?

तापीकाठ
टेप आणली असती. नवा सिनेमा रिळात कुठून आणला असता, तेवढं सांगा.