विषय : सर्वधर्मीय शांतिप्रार्थना आणि आपल्या मंडळाचा सहभाग

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

येथील सर्वधर्मीय परिषदेने पुढील महिन्यातील शांतिप्रार्थनेत आपल्या मंडळाने दीपप्रज्वलन करून एक अभंग सादर करावा, अशी विनंती केली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांत ज्या चकमकी झाल्या, त्या पाहता हे निमंत्रण नाकारू नये, असे मला वाटते. तथापि एका संध्याकाळच्या कार्यक्रमातून नेमके काय साधेल, याविषयी आपली मते कळवावीत.

आपला,
कार्यवाह

——

कार्यवाहांस स. न. वि. वि.

निमंत्रण अवश्य स्वीकारावे. परंतु तेवढ्यावर थांबू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. माझे माहेर भिवंडीचे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल आणि त्यानंतर १९८४ ची दंगल यांमुळे या यंत्रमागांच्या गावाचे नाव घेतले की लोकांच्या कपाळावर आठी पडत असे. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी त्या त्या वस्तीत राहणारी साधी हिंदू आणि मुस्लिम माणसे त्यांत घेतली आणि पोलीसही त्यांच्यासोबत नियमित बसू लागले. दंगल नसतानाच्या या बैठकांत बहुतेक वेळ शेजाऱ्यांच्या कुरबुरी आणि वस्तीतल्या किरकोळ तक्रारी ऐकण्यात जाई, आणि मला तेच त्यांचे खरे बळ वाटते; कारण दोन घरांतल्या भांडणाला धर्माचा रंग चढण्याआधीच ते मिटवायला दोन्ही बाजूंची ओळखीची माणसे हजर असत. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

नायजेरियातील कादुना शहराचा अनुभव याहून कठीण आहे. इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये हे दोघेही एके काळी परस्परांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र तरुणांचे म्होरके होते. १९९२ च्या संघर्षात वुये यांनी उजवा हात गमावला, तर अशाफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये या दोघांनी मिळून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र सुरू केले. सूडाची भावना एका भेटीत गेली, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. ऑगस्ट २००२ मध्ये मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मगुरूंनी कादुनाच्या शांतिघोषणेवर सह्या केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वसुंदरी स्पर्धेच्या निमित्ताने शहरात पुन्हा रक्तपात झाला. तरीही त्यांनी काम सोडले नाही, याचे मला फार मोल वाटते. सह्या झाल्या म्हणजे काम झाले, असे मानले असते तर ते केंद्र तेव्हाच बंद पडले असते.

लेस्टरच्या वेळी अफवा मोबाइलवरून पसरत होत्या आणि त्या पसरवणारे कित्येक जण त्या शहरात राहतही नव्हते. उद्या आपल्या भागात रात्री अकरा वाजता असा एखादा व्हिडिओ आला, तर खरे-खोटे विचारण्यासाठी मशिदीतल्या कोणाला फोन करायचा, हे आपल्या कार्यकारिणीतील किती जणांना ठाऊक आहे? म्हणून मी असे सुचवते की, मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा येथील प्रत्येकी दोन व्यक्ती आणि मंडळाचे दोन प्रतिनिधी यांनी दर महिन्याला तासभर भेटावे, आणि त्यांत एक तरी स्त्री आणि एक तरी तरुण असावा. गाड्यांच्या पार्किंगवरून किंवा गणपतीच्या ढोलांवरून होणाऱ्या तक्रारी प्रथम याच बैठकीत याव्यात.

आपली नम्र,
एक सभासद

——

ताईंस नमस्कार,

आपली सूचना परिषदेला आजच कळवली आहे. ढोलांच्या वेळेबाबत मशिदीच्या विश्वस्तांशी गणेशोत्सवापूर्वीच बोलणे व्हावे, म्हणून पहिली बैठक प्रार्थनेच्या आधीच्या शनिवारी घेण्याचा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवत आहे. मंडळाच्या दोन प्रतिनिधींपैकी एक आपण व्हावे, ही विनंती.

कार्यवाह